टेबलावरची चूक

बाइंडिंगच्या कारखान्यात फर्माबाईंना हे नाव कुणी ठेवलं, ते आता कुणालाच आठवत नाही. त्या फर्मे उचलत, आणि शिवाय दिवसभर सगळ्यांना काही ना काही फर्मावत असत. नाव इतकं चपखल बसलं होतं की एकदा त्यांच्या नवऱ्यानेही घरात चुकून तीच हाक मारली आणि मग जेवण संपेपर्यंत बोलणी खाल्ली.

छापखान्यातून कागद येतो तो चांगला चादरीएवढा. त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे दहा-बारा फर्मे क्रमाने एकत्र करून शिवले की झालं पुस्तक. फर्माबाईंचं काम उचलणीचं. लांब टेबलावर फर्म्यांचे ढीग ओळीने मांडलेले असत. पहिला फर्मा अगदी उजव्या टोकाला, शेवटचा अगदी डाव्या. त्या उजवीकडून निघत, प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा उचलून हातातल्या फर्म्यांखाली सरकवत, आणि डाव्या टोकाला पोचेपर्यंत पुस्तक पुरं झालेलं असे. मग ते उभं धरून टेबलावर आपटायचं, कडा सारख्या करायच्या आणि डावीकडे बसलेल्या धाकटीपुढे टाकायचं.

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. शिलाईचं काम तिच्याकडे. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. फर्माबाईंनीच तिला कारखान्यात आणलं आणि शेजारी बसवून शिकवलं. पहिल्याच वर्षी तिने पुस्तकांच्या एका सबंध गठ्ठ्यात मधला फर्मा उलटा शिवून ठेवला. फर्माबाईंनी ते पाहिलं, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. जेवणाच्या सुट्टीत दार लोटून घेतलं, स्वतः बसून सगळे टाके उसवले आणि म्हणाल्या, "हं, शीव परत. लोकांनी काय पुस्तक वाचायला डोक्यावर उभं राहायचं का गं?"

"मालकांना कळलं तर, ताई?"

"कोण सांगतंय त्यांना? टेबलावरची चूक टेबलावरच मिटवायची. तुझी मी, माझी तू. टेबलाच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही."

तेव्हापासून तो दोघींचा कायदाच झाला. धाकटीने तो मनापासून पाळला. खरं सांगायचं तर पाळायची वेळ तिच्यावर क्वचितच आली, कारण फर्माबाईंचा फर्मा सहसा चुकतच नसे. घरात दोघींचे खटके उडत. नळाच्या पाण्यावरून, पोरांच्या अभ्यासावरून, कुणी कुणाचा डबा परत केला नाही यावरून. पण टेबलाशी बसल्या की चार हातांचं एकच माणूस असल्यासारखं काम चाले.

त्या सकाळी फर्माबाई कपाळाला रुमाल घट्ट बांधूनच आल्या. डोकं फुटेल असं दुखत होतं म्हणाल्या. मालक म्हणाले, पित्त असेल. धाकटी म्हणाली, घरी जा. "घरी जाऊन काय करू? तिथेही हेच डोकं असणार," असं म्हणून त्या कामाला लागल्या. थोड्या वेळाने डाव्या हातातले फर्मे भसाभसा खाली पडले. त्या हाताकडे पाहत राहिल्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग ओकारी झाली आणि त्या टेबलाला धरून खाली बसल्या.

इस्पितळात कळलं, मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजव्या बाजूला, मागच्या भागात. मेंदूच्या डॉक्टरीणबाई चष्मा डोक्यावर सारून बोलायच्या, एकेक शब्द ठेवून.

"रक्तदाबाचा त्रास होता का?"

"मला?" फर्माबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती, पण धार गेली नव्हती. "मी दुसऱ्यांचा वाढवते."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच धाकटीकडे आणि मोठ्या भाऊजींकडे, म्हणजे फर्माबाईंच्या नवऱ्याकडे वळल्या. "रक्तदाब नाही, रक्त पातळ करायची गोळी नाही, कुठे पडल्या नाहीत. मग रक्त का आलं, ते मला आज सांगता येत नाही. रक्त साचलेलं असताना त्याच्या आड काही असलं तरी फोटोत नीट दिसत नाही. ते जिरायला वेळ द्यावा लागेल. तीन महिन्यांनी पुन्हा मोठा फोटो काढू. आणि हे लक्षात ठेवा, यांची तब्येत आता हळूहळू सुधारत जायला हवी. सुधारलेलं काही पुन्हा बिघडायला लागलं, तर तीन महिन्यांची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी मला सांगायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण घरी येईपर्यंत त्यातलं 'सुधारत जाईल' एवढंच प्रत्येकाच्या हाती उरलं होतं.

आणि त्या सुधारल्याही. सुरुवातीला त्यांना डावीकडचं जगच नव्हतं. ताटातलं उजवीकडचं जेवत आणि "एवढंच वाढलंस?" म्हणून धाकटीवर तापत. धाकटी मुकाट्याने ताट फिरवी, की राहिलेलं अर्धं समोर येई. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी युक्ती सांगितली, की डाव्या टोकाला लाल पट्टी लावा आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची सवय करा. फर्माबाई हट्टाला पेटल्या. ताटाला लाल दोरा, दाराला लाल चिंधी, आणि कामावर परतल्यावर टेबलाच्या डाव्या कडेला लाल कागद. पहिले काही दिवस तासाला चार पुस्तकं होईनात. भाऊजी म्हणाले, "जमत नाही तर सोड." त्या म्हणाल्या, "तुम्ही रंगवलेल्या भिंतीला पोपडे आले म्हणून रंगकाम सोडलंत का?" भाऊजी रंगारी होते.

महिन्याभरात मान आपोआप वळू लागली. एक दिवस त्यांनी लाल कागद टरकावून चुरगळला आणि मालकांच्या देखत टोपलीत फेकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीला रडू आलं, ते तिने दोरा दाताने तोडायच्या निमित्ताने लपवलं.

त्यानंतर साधारण तीन आठवडे झाले असतील. धाकटी दुपारचा चहा त्यांच्या डाव्या हाताशी ठेवून आपल्या जागी बसली. शिवू लागली. बऱ्याच वेळाने फर्माबाई ओरडल्या, "कुठे उलथली होतीस गं इतका वेळ? चहा नाही, पाणी नाही!"

"अहो ताई, मी इथेच आहे. आणि चहाही."

फर्माबाईंनी मान वळवली, तिला पाहिलं, थंड झालेला चहा पाहिला. "मग बोलायचं ना! माणूस आहेस की ढीग?" दोघी हसल्या.

त्याच संध्याकाळी धाकटीच्या हाती एक पुस्तक आलं, ज्याला शेवटचा फर्माच नव्हता. तिने हात लांब करून डाव्या ढिगातला फर्मा घेतला, खाली लावला आणि शिवून टाकलं. दमल्या असतील, असं मनात म्हणाली. दुसऱ्या दिवशी तशी दोन पुस्तकं आली. मग चार. मग कधी एक, कधी ओळीने सहा. ती प्रत्येक वेळी फर्मा घाली आणि काही बोलत नसे. काय बोलणार? ज्या बाईने महिनाभर झगडून टोपलीत कागद फेकला, तिला सांगायचं की परत उचलून लावा? पुढे पुढे सारखा हात लांब करायला नको म्हणून तिने शेवटच्या फर्म्याचा एक छोटा ढीग आपल्याच मांडीशी आणून ठेवला. कामाचा वेग इतका छान राहिला की मालकांनी दोघींचं कौतुक केलं.

रात्री कूस बदलताना मात्र तिला डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य आठवे. सुधारलेलं पुन्हा बिघडलं तर. मग ती स्वतःची समजूत घाली: हे काय बिघडणं आहे? एक फर्मा तर राहतो. आणि मी आहे की.

दुसऱ्या फोटोची तारीख जवळ आली तशी फर्माबाईंनी जाहीर केलं, की आपण त्या नळकांड्यात पुन्हा जाणार नाही. "जिवंत माणसाला खणात कोंबतात आणि बाहेरून पत्रे बडवतात. कशाला? मी बरी आहे." भाऊजींना तेच हवं होतं. "बरी आहे ना, मग उकरून काय काढायचंय?" ते म्हणाले. पण फिटचा झटका येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या संपल्या होत्या, आणि तपासल्याशिवाय नवीन चिठ्ठी मिळेना. म्हणून फर्माबाई निघाल्या. सोबत धाकटी.

डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले, चाल पाहिली, बोटं हलवून विचारलं. मग चष्मा डोक्यावर सारला. "कामात काही चुकतंय का?"

"माझा फर्मा चुकला तर नाव बदलेन," फर्माबाई म्हणाल्या. खोटं बोलत नव्हत्या. त्यांना माहीतच नव्हतं.

डॉक्टरीणबाई धाकटीकडे वळल्या. "तुम्ही शेजारी बसता ना? तुम्हाला काय वाटतं?"

धाकटीला 'ठीक आहे' एवढंच म्हणायचं होतं. इतके दिवस हाताने तेच म्हणत आली होती. तिने जावेकडे पाहिलं. जाऊ उजवीकडच्या भिंतीकडे बघत होती, आणि धाकटी डाव्या खुर्चीत असल्याने तिच्या नजरेतच नव्हती.

"चुकतो," ती म्हणाली. "रोज चुकतो. डावीकडचा शेवटचा. मध्यंतरी अगदी बरं झालं होतं, मग पुन्हा सुरू झालं. आता वाढलंय. मी घालते तिथे."

फर्माबाईंनी मान सावकाश डावीकडे वळवली. "काय म्हणालीस?"

"खरं तेच म्हणाले, ताई."

"माझ्या तोंडावर? परक्या माणसासमोर?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "मी परकी असेन, पण तुमच्या डोक्याचा आतला फोटो मीच पाहिलाय. नुसता रक्तस्राव असता तर सुधारलेलं सुधारत गेलं असतं. ते मागे फिरलंय, म्हणजे त्या रक्ताच्या आड काहीतरी आहे का ते पाहायलाच हवं. रंगद्रव्य टोचून फोटो काढायचा. उद्या सकाळी."

"मी विचार करून सांगते," असं म्हणून फर्माबाई उठल्या. उठताना खुर्चीला डावा गुडघा लागला. बसमध्ये धाकटी सवयीने त्यांच्या डाव्या बाजूला बसली. मग लक्षात आलं, म्हणून उठून उजवीकडे येऊन बसली. तेव्हा फर्माबाईंनी मुद्दाम तोंड डावीकडे फिरवलं.

घरी न जाता त्या थेट कारखान्यात शिरल्या. टेबलाशी उभं राहून त्यांनी मान पुरी डावीकडे वळवून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "तुझ्या मांडीशी आहे ना तो ढीग, तो जागच्या जागी ठेव. आणि आज तू कशाला हात लावायचा नाही. शिवायचंही नाही. नुसतं बस."

त्यांनी उचलायला सुरुवात केली. रहस्यकथेचं पुस्तक होतं. त्या सावकाश, मन लावून उचलत होत्या. धाकटी हात मांडीत धरून बसली होती. शेवटच्या ढिगाच्या अलीकडे फर्माबाईंचा हात थांबे, गठ्ठा आपटला जाई आणि पुढे येई. धाकटीला वाटे, आत्ता ओरडावं. एखाद्या पुस्तकाला त्या पुढे जात, फर्मा उचलत, आणि तिच्या जिवात जीव येई. पुढच्याला पुन्हा तेच.

उचललेल्या पुस्तकांचा ढीग पुरेसा झाल्यावर फर्माबाई धाकटीच्या शेजारी येऊन बसल्या. एक गठ्ठा उपडा केला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून, मान पुरी वळवून, एकेक शब्द शोधत मोठ्याने वाचलं: "...त्याने कडी काढली, दार ढकललं आणि आत..." पुढे पान नव्हतं. त्यांनी दुसरं उचललं. "...दार ढकललं आणि आत..." तिसरं. चौथ्याला शेवट होता. पाचव्याला पुन्हा तेच.

"सगळ्यांना दारापर्यंत नेऊन सोडलं गं मी," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्या धाकटीकडे वळल्या.

"किती दिवस घालतेयस?"

"पंधरा-वीस झाले असतील."

"आणि सांगितलं नाहीस."

"तुम्हीच शिकवलंत. टेबलावरची चूक..."

"पुस्तकाचं शिकवलं होतं मी, डोक्याचं नव्हे! डोकं काय मालकांचं आहे, लपवायला?" त्या कडाडल्या. आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या जागी मीही तेच केलं असतं म्हणा. रड आता. नाहीतरी दोरा तोडायच्या निमित्ताने रडतेसच. मला डावीकडचं दिसत नसेल, ऐकू येतं."

मग त्या स्वतः मालकांच्या टेबलाशी गेल्या. "मालक, गेल्या पंधरवड्यात माझे फर्मे चुकले. हिने घातले म्हणून माल बरोबर गेला. आता मी काही दिवस येणार नाही."

मालक जन्मात त्यांच्यापुढे चढ्या आवाजात बोलले नव्हते. "असू द्या हो बाई, चालतं तेवढं..."

"चालतं कसं? लोक शेवट कळावा म्हणूनच पैसे देतात ना?"

संध्याकाळी घरी भाऊजी ऐकून घेईनात. येरझाऱ्या घालू लागले. "उद्या गाठबीठ निघाली म्हणजे?"

"निघाली तर निघाली. फोटो काढला नाही म्हणून ती काय उठून जाणार आहे? असेल तर आत्ताही आहे. तुमच्याबरोबर जेवायला बसलीय." फर्माबाईंनी ताट स्वतःच अर्धं फिरवलं आणि राहिलेलं जेवल्या.

सकाळी त्या नळकांड्यात गेल्या तेव्हा डोळे घट्ट मिटले होते. धाकटीला अंगावरचं सगळं धातूचं काढून आत उभं राहू दिलं होतं. तिने त्यांच्या पायाचा अंगठा धरला. पत्रे बडवल्यासारखा आवाज सुरू झाला, आणि तो चालू होता तोवर तो अंगठा एकदाही हलला नाही.

रक्त बरंचसं जिरलं होतं. ते होतं तिथेच, त्याच्या आड, द्राक्षाएवढी गाठ बसली होती. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोटाने दाखवली. "हिच्यातलीच एक कच्ची रक्तवाहिनी फुटली होती. पहिल्या दिवशी आपण जे पाहिलं ते हिचं रक्त. आता ती वाढतेय, म्हणून डावीकडचं पुन्हा जायला लागलं. काढावी लागेल, आणि लवकर."

"काढल्यावर डावीकडचं परत येईल?" फर्माबाईंनी विचारलं.

"सगळं येईलच असं नाही. थोडं आणखीही जाऊ शकतं. पण नाही काढली तर नुसतं डावीकडचं जाऊन थांबणार नाही."

भाऊजींच्या हातात संमतीचा कागद होता. ते तो वाचत होते, म्हणजे एकाच ओळीकडे पाहत होते. पेन उचलत, ठेवत. शेवटी म्हणाले, "दोन दिवस विचार करू या का गं?"

"अहो, आणा इकडे. डोकं माझं आहे." त्यांनी सही केली. सही कागदाच्या उजव्या कडेला जाऊन चेंगरली, शेवटचं अक्षर तर खालीच उतरलं. "वाईट आली. पण माझीच आहे," त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रियेला सकाळचे बरेच तास लागले. भाऊजी बाहेरच्या भिंतीकडे एकटक पाहत होते. मध्येच म्हणाले, "एकच हात मारलाय रंगाचा." धाकटी म्हणाली, "हो."

आठवड्याने तपासणीचा निकाल आला. गाठ सावकाश वाढणाऱ्या जातीची होती. बहुतेक निघाली होती, पण एक पापुद्रा मागे ठेवावा लागला होता, कारण तो काढायला गेलं असतं तर डावा हात गेला असता. आता सहा आठवडे किरणांचा उपचार, मग औषधं, आणि दर काही महिन्यांनी फोटो.

"म्हणजे संपलं नाही," फर्माबाई म्हणाल्या.

"नाही. मी खोटं सांगणार नाही. पण आता ती कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे, आणि आपण तिच्यावर नजर ठेवणार आहोत."

"नजर तुम्ही ठेवा. माझी अर्धीच आहे." डॉक्टरीणबाई यावेळी खळखळून हसल्या.

किरणांच्या उपचाराचा पहिला दिवस. फर्माबाईंच्या डोक्याला रुमाल होता, त्याखाली टाक्यांची नुकतीच सुकलेली रांग. नाव पुकारलं तशा त्या उठल्या आणि निघाल्या, ताठ, नेहमीच्या तोऱ्यात. पण त्यांचा डावा खांदा सरळ दाराच्या चौकटीवर जात होता. धाकटीने पटकन दंड धरून त्यांना उजवीकडे ओढलं.

फर्माबाईंनी दंड सोडवून घेतला. "ओढायचं नाही. सहा आठवडे यायचंय इथे, रोज काय मला ढकलगाडीसारखी वळवणारेस? सांगायचं. मोठ्याने. लोक बघतील म्हणून लाजायचं नाही."

बाकावरची माणसं खरंच बघत होती.

"डावीकडे चौकट आहे, ताई!"

फर्माबाईंनी मान वळवली. अजून थोडी वळवली. चौकट दिसली तेव्हा तिच्यावर हात ठेवला, तिला वळसा घातला आणि आत गेल्या.